समुद्राकडच्या अंगाला रुई

दिवेआगरला पुळणीलगत आमचं घर आहे म्हटलं की पुण्याचा माणूस आधी हेवा करतो आणि लगेच सल्ला द्यायला लागतो. समोर लॉन करा, कुंपणाला गुलाब लावा, पडवीच्या खांबावर मधुमालती चढवा. सल्ला देणारी मंडळी बहुधा डिसेंबरात आलेली असतात. त्यांना मार्चनंतरच्या एखाद्या दुपारी आणून पश्चिमेच्या पडवीत उभं करावं. अकरा-बाराच्या सुमाराला वारा फिरतो, तीनपर्यंत त्याला जोर चढतो आणि संध्याकाळी खिडकीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. खिडक्यांचे गज दर दिवाळीला रंगवायचे, शिमग्यापर्यंत त्यांच्या कोपऱ्यांतून तांबूस पापुद्रे सुटायला लागतात. लोखंडाची ही गत, तिथे गुलाबाच्या पानाचं काय घेऊन बसलात!

खारा वारा झाड एका झटक्यात मारत नाही. लाट फुटते तेव्हा पाण्याचे बारीक थेंब उडतात, वारा ते आत आणतो. पानावर बसल्यावर पाणी उडून जातं, मीठ तेवढं राहतं. उडत्या वाळूनं पानाला आधीच बारीक ओरखडे पडलेले असतात, त्यांतून ते आत शिरतं. पहिल्यांदा पानाचं टोक करपतं, मग कड, मग मधल्या शिरेपर्यंत तांबूस होऊन पान गळतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय, म्हणून तो आणखी पाणी ओततो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं, म्हणजे वरून मीठ आणि खालूनही मीठ. जास्वंद, अनंत, मोगरा ही आमची सगळी मंडळी घराच्या पूर्वेला, भिंतीच्या आडोशाला सुखात आहेत. पश्चिमेला त्यांना पाठवणं ही शिक्षाच आहे.

सासरच्या जुन्या माणसांनी समुद्राकडची बाजू कधी सजवायला घेतली नव्हती. पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूचा उंचवटा, त्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा नावाचं गवत. त्यामागे केवड्याची बेटं, मग करंज आणि उंडी, मग नारळ, आणि या सगळ्यांच्या पाठीशी, सावलीत आणि ओलाव्यात, सुपारी. ह्याला कुणी नियोजन वगैरे म्हटलं नाही. पण प्रत्येक ओळ मागच्या ओळीसाठी वारा थोडाथोडा मोडत होती, आणि श्रीवर्धनच्या ज्या रोठा सुपारीचं नाव सगळे घेतात ती शेवटच्या ओळीतली, सगळ्यात नाजूक प्रकृतीची. पुढे सरकारनं किनाऱ्यावर सुरूची बनं लावली. सुरू मूळचा इथला नाही, त्याच्याखाली फारसं काही उगवतही नाही. तरी वारा तो अडवत होता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ नेमकं या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. लॉकडाउन चालू, आम्ही पुण्यात, गावातले फोन बंद. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, खाडीपलीकडे केळशी-आंजर्ल्यापर्यंत वाड्या आडव्या झाल्या. सुरूची झाडं मुळासकट उपटली गेली. पोफळींचं तर विचारूच नका. परवानगी काढून घरी पोचलो तेव्हा पडवीतून थेट समुद्र दिसत होता, जो लग्न होऊन आल्यापासून मी त्या जागेवरून कधी पाहिला नव्हता. येणाऱ्या पाहुण्यांना हे फार आवडतं. ‘सी व्ह्यू’ मिळाला ना, असं एकानं कौतुकानं म्हटलंही. पडवीतून समुद्र दिसतो याचा अर्थ समुद्रालाही पडवी दिसते, हे त्याला कसं सांगणार? हल्ली नव्या बंगल्यांसाठी हाच देखावा मिळावा म्हणून वाळूचे उंचवटे जेसीबीनं सपाट करतात, त्यावर लाल माती टाकून लॉन अंथरतात आणि मग लॉनसाठी टँकर मागवतात. त्यावर मी काही बोलायला गेले तर लेख भलतीकडेच जाईल.

सुपारी पुन्हा लावायची तर तिला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि रोपाला सुरुवातीला सावली हवी. सावलीला केळ हवी. केळीचं पान वाऱ्यानं फाटून चिंध्या होतं, म्हणजे केळीला आडोसा हवा. असं करत करत माणूस पुन्हा समुद्राच्या तोंडाशीच येऊन उभा राहतो. तिथे कोण उभं राहील, हा खरा प्रश्न.

नर्सरीत गेलो तर उत्तर तयार होतं. चंदेरी पानांचं एक झुडूप, देखणं, छाटून चौकोनी करता येणारं. ‘सिल्व्हर आहे मॅडम, समुद्राला एकदम बेस्ट.’ ते होतं कोनोकार्पसचं चंदेरी वाण, मूळचं फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यावरचं. खाऱ्या हवेला ते टिकतं, यात खोटं काही नाही. पण याच कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारनं २०२३ साली बंदी घातली. मुळं गटारं आणि केबल उखडतात, परागकणांचा लोकांना त्रास होतो, अशी कारणं दिली होती. आमच्या विहिरीपासून कुंपण फार लांब नाही. मी रोप खाली ठेवलं.

पान चंदेरी असण्याची कल्पना मात्र डोक्यातून गेली नाही, कारण ती खोटी नव्हती. भूमध्य समुद्राच्या काठची झुडपं पाहा किंवा लक्षद्वीपच्या पुळणीवरची, जिथे ऊन, वारा आणि मीठ एकत्र येतात तिथे झाडं पानावर पांढरी लव नाहीतर मेणाचा थर चढवतात. पांढऱ्यावरून ऊन परततं. लवेत हवेचा एक थर अडकून राहतो, त्यामुळे वारा पानातलं पाणी भसाभस ओढून नेऊ शकत नाही. मेणावर खारं पाणी ठरत नाही. एवढं सगळं ज्याच्याकडे आहे असं झाड आपल्याकडे नसेल का, असा विचार करत मी कुंपणापर्यंत गेले. पडलेल्या गडग्याच्या चिऱ्यांमध्ये, चुन्याच्या ढिगाऱ्यावर, न लावता, न विचारता रुई कमरेएवढी झाली होती.

रुईचं पान हातात घेऊन सावकाश पाहणारी माणसं कमी. समोरासमोर जोडीनं आलेली, देठ जवळजवळ नसलेली, बुडाशी फांदीला कवटाळून बसणारी जाडजूड पानं. वरून राखाडी-हिरवी, आणि त्यावर काळ्या द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक. अंगठा घासला की ती पुसली जाऊन खालचा हिरवा रंग दिसतो आणि अंगठ्यावर पिठूळ थर येतो. पान उलटं केलं की कापसाची दाट लव, कोवळ्या शेंड्यांवर तर इतकी दाट की शेंडा अख्खा पांढरा दिसतो. दुपारच्या वाऱ्यात पानं उलटीपालटी होतात तेव्हा लांबून झुडूप चंदेरी दिसतं. चुकून जो पैसे मोजून आणायला निघाला होता त्याच्या दारात हे फुकट उभं असावं, आणि तेही कचरा म्हणून!

आमच्या कोकणपट्टीत जास्त करून दिसते ती थोरली रुई, कॅलोट्रॉपिस जायगँटिया. फुलं फिकट जांभळी किंवा पांढरी, पाकळ्या पसरलेल्या आणि मागे मुडपलेल्या. देशावर माळरानात जास्त भेटते ती तिची धाकटी बहीण कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. तिची फुलं लहान, पाकळ्या उभ्या, टोकांना गर्द जांभळा रंग आणि थोडा वास. पांढऱ्या फुलांच्या थोरलीला लोक मांदार म्हणतात आणि तिला वेगळाच मान देतात. तिच्या मुळात गणपती सापडतो म्हणून मुळं उकरून विकण्याचा धंदाही चालतो, त्याविषयी जितकं कमी बोलावं तितकं बरं.

मी ढिगाऱ्यावरची रुई ठेवून शेजारी आणखी लावायला घेतली तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

“अगं, हे काय करतेयस? रुई कुणी दारात लावतं का?”

“दारात नाही काकू, समुद्राकडे लावतेय.”

“शनीचं झाड ते. आपोआप आलं तर गोष्ट वेगळी.”

वाडीत काम करणारे दादा कोयत्याला धार लावत होते, ते मान वर न करता म्हणाले, “मारुतीचं बी हाय ना वो काकी. मग चालंल.”

दादांचा मुद्दा बिनतोड होता. दर शनिवारी देवळातल्या मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, दादरला आणि मंडईत ती विकत घ्यावी लागते. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये अर्कपत्र आहे. नवग्रहांच्या समिधांत पहिली, सूर्याची, रुईची. तिसरं लग्न अशुभ मानत तेव्हा पुरुषाचं आधी रुईशी लग्न लावून तिला तिसरी बायको करत आणि माणसातली चौथी धरत. एवढी कामं एका झाडाकडून करून घ्यायची आणि त्याला राहायला जागा उकिरड्यावर द्यायची, हा आपला व्यवहार. काकूंना मी हे बोलले नाही. आता त्यांच्याकडे पूजा असली की पानं आमच्याकडून जातात.

लावायचीच असेल तर रुईइतकं सोपं झाड नाही, पण तिच्या काही अटी आहेत. फळ तडकायच्या बेताला आलं की काढायचं. आत चपट्या तपकिरी बिया एकावर एक चढवून नीट रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला रेशमी तंतूंचा झुबका. तडकेपर्यंत थांबलात तर बिया म्हाताऱ्या होऊन उडतात आणि पोरं त्यांच्यामागे धावतात. ताजं बी वाळूत सहज रुजतं. मात्र रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावं, कारण सोटमूळ खोल जातं आणि मोठं झाड उपटून हलवलं तर बहुधा धरत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची काडी लावायची तर कापल्यावर एक दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा, नाहीतर खालून कुजते. पाऊस ओसरल्यावर लावावी म्हणजे उन्हाळ्याआधी मूळ धरते. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून थोडं पाणी, पुढे काही नाही. खत नको. पाणी साचणारी जागा अजिबात नको. सावलीत ती उंच, लुकडी आणि हिरवी होते, चंदेरीपणा जातो. म्हणजे झाड धडधाकट आणि देखणं व्हायला आपण त्याचे लाड न करणं हीच मशागत. बागकामाची हौस असलेल्या माणसाला हे जड जातं.

छाटणीविषयी मात्र गंभीरपणे लिहायला हवं. फांदी तोडली की पांढरा चीक ठिबकतो. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत, कॅलोट्रॉपिन त्यांतलं एक. पायात मोडलेला काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावायची रीत खेडोपाडी आहे, गुडघा धरला तर पानाला तेल लावून शेकून बांधतात. हे सगळं खरं असलं तरी हा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. वाईट अशासाठी की बऱ्याचदा तो दुखत नाही. थोडी चुरचुर होते, माणूस डोळा धुऊन कामाला लागतो, आणि काही तासांनी समोरचं धुरकट दिसायला लागतं, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आलेली असते. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांची दृष्टी परत येते. महाभारताच्या आदिपर्वात धौम्यांचा शिष्य उपमन्यू गुरं राखायला जातो. गुरू त्याची भिक्षा काढून घेतात, दूध बंद करतात, वासरांच्या तोंडचा फेसही चाटू देत नाहीत. भुकेनं तो रुईची पानं खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. पुढे अश्विनीकुमार त्याला दृष्टी देतात वगैरे. लहानपणी ही गुरुभक्तीची गोष्ट म्हणून ऐकली होती. आता वाटतं की सांगणाऱ्याला रुई आणि डोळा यांचं वैर पक्कं माहीत होतं. छाटताना मी हातमोजे आणि चष्मा घालते, दादांनाही घालायला लावते, ते हसतात आणि घालतात. लहान मुलं असलेल्या घरात रुई अंगणात नको, कुंपणालाच बरी.

फुलाकडे भिंगातून पाहावं. पाच मेणचट पाकळ्या, मधोमध पाच कंगोऱ्यांचा मुकुट. रुईचे पराग सुटे भुकटीसारखे नसतात. त्यांची चिकट पुडकी जोडीजोडीनं बांधलेली असतात आणि मुकुटाच्या बाजूला अरुंद चिरांमागे दडवलेली. रस प्यायला काळा भुंगा येतो, तोच जो आमच्या पडवीच्या वाशांना गोल भोकं पाडतो. निसरड्या मुकुटावर पाय टेकवताना त्याचा एखादा पाय चिरेत घसरतो. भुंगा भुणभुणत जोर लावतो, पाय हिसडून बाहेर काढतो तेव्हा त्याला परागाची एक जोडी लटकलेली असते. पुढच्या फुलावर तोच पाय पुन्हा चिरेत गेला की काम झालं. लहान माशीच्या अंगात पाय सोडवण्याची ताकद नसेल तर ती तिथेच अडकून मरायची. म्हणून एवढी फुलं लागून फळं तुरळक धरतात, आणि वाशांना भोकं पाडणाऱ्या भुंग्यांवर आमच्याकडे औषध मारणं बंद झालं. घरातल्या सगळ्यांचं यावर एकमत आहे असं नाही.

गुरं जिला तोंड लावत नाहीत ती पानं खाणारी एक अळी आहे. प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराची. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान खाण्याआधी ती शिरा कुरतडते, चीक तिथेच वाहून जाऊ देते आणि मग पुढचा, चीक आटलेला भाग खाते. तरी जे विष पोटात जातं ते ती साठवते, फुलपाखरातही ते उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एखाद्या आठवड्यात झुडुपाच्या एका बाजूच्या नुसत्या शिरा उरतात. पाहुणे विचारतात, फवारत का नाही? फवारायचं कशाला, पंधरा दिवसांत पान परत येतं. पिवळा मावाही येतो, त्याच्यामागे तो खाणारे ढालकिडे येतात.

दिसायला ती बाराही महिने चांगली असते असं मी म्हणणार नाही. श्रावणात रुईकडे बघवत नाही. पानांवर काळपट ठिपके, लव भिजून चिकटलेली, खालची पानं पिवळी पडून गळालेली, चंदेरी म्हणावं असं काही शिल्लक नाही. पावसाच्या तोंडाला गुडघ्याएवढी ठेवून कापून टाकली तर हे सहन करावं लागत नाही. दसऱ्यापर्यंत बुडातून नवे पांढरे शेंडे उठतात. कापलेल्या काठ्यांची साल सोलली तर आत लांब, चिवट धागा निघतो. पूर्वी याचे गळाचे दोर आणि जाळी करत, कारण खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही. फळातला कापूस मात्र इतका आखूड आणि गुळगुळीत की त्याचं एकट्याचं सूत धरत नाही, उशीत भरायला तेवढा बरा. हवाई बेटांवर या फुलांच्या माळा गळ्यात घालतात, तिथली शेवटची राणी लिलिउओकलानी हिचं हे आवडतं फूल होतं. थायलंडमध्येही ती हारांत ओवतात. आपल्याकडे ती मारुतीच्या गळ्यात असते, माणसाच्या नाही.

रुईची एक ओळ म्हणजे काही भिंत नव्हे. तिच्या फांद्यांतून वारा जातोच, फक्त जोर कमी होऊन जातो आणि वाळू बुडाशी थांबते. तेवढ्या उसंतीत तिच्यामागे निर्गुडी आली, तिचीही पानं खालून राखाडी. निर्गुडीमागे आम्ही करंजाची आणि उंडीची रोपं लावली आहेत. उंडी फार सावकाश वाढते. दादांच्या मते निर्गुडीच्या आडची रोपं उघड्यावरच्या रोपांपेक्षा वीतभर पुढे आहेत आणि पानांच्या कडा करपलेल्या नाहीत. मी मोजलं नाही, पण कडा पाहिल्या, त्या खरंच हिरव्या आहेत. केळी त्याच्या मागच्या ओळीत, आणि केळींच्या सावलीत काकूंनी दिलेली सुपारीची रोपं. उंडी वर गेली की रुईवर सावली पडेल. सावलीत रुई लुकडी होते आणि मग संपते. तेव्हा तिची एखादी काडी पुळणीच्या बाजूला आणखी दोन हात पुढे लावू, असं ठरलंय. दादा म्हणतात त्याची गरज पडणार नाही, वारा म्हाताऱ्या नेईल तिथे ती आपली आपण उगवेल.